कपाटावर बसलेला संगीतकार

ताई, नमस्कार.

माझी मुलगी बारा वर्षांची आहे. सुट्टीत ती माझ्या मोठ्या जावेकडे चार दिवस राहायला गेली होती. तिथे एका रात्री पुतण्याने, तो सोळाचा आहे, लॅपटॉपवर 'द कॉन्ज्युरिंग' लावला. शेतावरच्या जुन्या घरात राहायला आलेलं कुटुंब, पाच मुली, आईच्या अंगात शिरणारी चेटकीण, असा तो सिनेमा. याला तीन आठवडे झाले. तेव्हापासून मुलगी आमच्या दोघांच्या मध्ये झोपते. तिच्या खोलीतलं कपाट तिने ओढणीने बांधून ठेवलंय. कितीही उकडत असलं तरी पाय पांघरुणाबाहेर काढत नाही. रात्री जाग आली की आधी घड्याळ बघते, तीन वाजून सात मिनिटं तर झाली नाहीत ना, म्हणून. तिचे बाबा म्हणतात, 'भूतबीत काही नसतं, नाटकं आहेत.' परवा त्यांनी गंमत म्हणून कपाटामागून दोन टाळ्या वाजवल्या. पोरगी इतकी किंचाळली की शेजारचे विचारायला आले.

तिला काय समजवायचं ते कळावं म्हणून मी तो सिनेमा एका दुपारी एकटीने पाहिला. खरं सांगू? आता पन्नाशीला टेकलेली मीही रात्री बाथरूमला जाताना दिवा लावते. मुलगी सारखं एकच विचारते, 'आई, ते खरं घडलंय ना? तिथे लिहिलंय तसं.' मी काय उत्तर देऊ? आणि जावेशी एकदा स्पष्ट बोलून घेऊ का?

– तुमची, अर्धवट झोपेतली एक आई

---

आधी त्या टाळ्यांचं बोलू, कारण ते आजच्या आज थांबायला हवं.

तुम्ही सिनेमा पाहिलाय, त्यामुळे ती जागा तुम्हाला आठवत असेल. मुलींचा एक खेळ असतो, डोळ्यांवर पट्टी बांधून लपलेल्यांना शोधायचं आणि लपलेल्यांनी टाळ्या वाजवून आपण कुठे आहोत ते सुचवायचं. पुढे एका रात्री आई तळघरात अडकते. दिवा गेलेला, हातात काड्यापेटी. काडी विझत येते आणि तिच्या खांद्यामागच्या अंधारातून दोन हात निघून कानाशी टाळ्या वाजवतात. बाकी काही नाही. चेहरा नाही, रक्त नाही, फक्त दोन हात. घरातला लाडका खेळच परका होतो, म्हणून ते दृश्य मनात रुतून बसतं.

तिच्या बाबांनी नेमकं तेच केलं. त्यांना वाटलं असेल, टाळ्या वाजवणारा बाबाच निघाला म्हटल्यावर पोरगी हसेल आणि भीती फुसकी ठरेल. झालं उलटं. लॅपटॉपमधली टाळी बाहेर आली आणि तिच्याच घरात, तिच्याच कपाटामागे येऊन उभी राहिली. भ्यालेल्या मुलाला घरात निदान एक माणूस असा लागतो जो दचकवणार नाही. बाबांनी तिच्यासमोर बसून 'माझं चुकलं, पुन्हा करणार नाही' एवढंच म्हणावं. त्याला 'पण तू पण ना' अशी शेपटी जोडू नये. आणि 'नाटकं' हा शब्दही आता घरात नको. तीन आठवडे उकाड्यात पाय झाकून झोपणं हे कुणी हौसेने करत नाही.

आता तिच्या प्रश्नाकडे येते. तिने तुम्हाला 'भूत असतं का' असं विचारलेलंच नाही. ती विचारतेय, 'ते खरं घडलंय ना?' तिचे बाबा उत्तर देतात दुसऱ्याच प्रश्नाचं, म्हणून ते तिला पटत नाही. मुलं माध्यमांतलं पाहून का आणि कशी घाबरतात, यावर अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या जोआन कँटर यांनी अनेक वर्षं काम केलं. त्यात वयानुसार पडणारा फरक ठळक दिसतो. अगदी लहान मूल दिसण्याला भितं. राक्षसाचे दात, विद्रूप चेहरा. त्याला समजावून काही होत नाही, जवळ घ्यावं लागतं. मोठं झालेलं मूल मात्र शक्यतेला भितं, हे माझ्याही बाबतीत होऊ शकतं का, या विचाराला. बाराव्या वर्षी 'सत्य घटनेवर आधारित' ही एक ओळ कुठल्याही मुखवट्यापेक्षा जास्त काम करते. पण या वयाचा एक फायदाही आहे. माहिती दिली तर ती उपयोगी पडते. म्हणून तिला नीट, खरीखुरी, तपशिलाची माहिती द्या.

खरं काय आहे ते सांगते.

सिनेमात दाखवलेलं कुटुंब खरं आहे. आई, बाबा आणि पाच मुली. १९७१ च्या जानेवारीत ते अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात, बरिलव्हिल गावच्या हॅरिसव्हिल भागातल्या एका जुन्या शेतघरात राहायला आले. ते घर साधारण १७३६ मध्ये बांधलेलं. तिथे आपल्याला चमत्कारिक अनुभव आले असं त्या कुटुंबाचं म्हणणं आहे आणि आजही ते त्यावर ठाम आहेत. थोरली मुलगी अँड्रिया हिने त्या आठवणींचे खंड लिहिले, पहिला २०११ मध्ये आला. सिनेमा त्यानंतर दोन वर्षांनी, २०१३ मध्ये.

इथपर्यंत खरं. पुढची गोष्ट लेकीला जरा सावकाश सांगा. सिनेमात काय होतं? एड आणि लोरेन वॉरन हे भुतांचा शोध घेणारं जोडपं येतं, तळघरात मंत्र म्हणून चेटकीण उतरवतं, आई शुद्धीवर येते, सकाळ होते, सगळे एकमेकांना मिठ्या मारतात. प्रत्यक्षात अँड्रियाच्याच सांगण्यानुसार वॉरन मंडळींनी घरात आत्मे बोलावण्याची बैठक भरवली, त्यात आईची अवस्था भयंकर झाली आणि वडिलांनी चिडून त्या जोडप्याला घराबाहेर काढलं. भूत उतरवण्याचा शेवटचा मोठा प्रसंग घडलाच नाही. घर सोडून पळापळही नाही. पैशांची जुळवाजुळव होईना म्हणून ते कुटुंब तिथेच राहिलं, १९८० पर्यंत. नऊ वर्षांहून जास्त!

हा आकडा लेकीला दोनदा सांगा. पाच मुली त्या घरात लहानाच्या मोठ्या झाल्या. शाळेत गेल्या, अभ्यास केला, आजारी पडल्या, बऱ्या झाल्या, आपसात भांडल्या असणार. भूत होतं की नव्हतं हा वाद आपण बाजूला ठेवू. त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे होतं असं धरलं, तरी आई कुणाचा जीव घ्यायला धावली नाही आणि सगळे त्या घरातून जिवंत बाहेर पडले. सिनेमा दोन तासांचा असतो म्हणून त्याला एका रात्रीत सगळं उरकावं लागतं.

त्यांच्यानंतर त्या घरात दुसरे लोक कित्येक वर्षं राहिले. त्यांना भुतांनी त्रास दिला नाही, प्रेक्षकांनी दिला. सिनेमा गाजल्यावर रात्री-अपरात्री लोक आवारात घुसायला लागले. शेवटी त्या वृद्ध मालकांनी २०१५ मध्ये वॉर्नर ब्रदर्स या सिनेमाच्या कंपनीवर खटला भरला. पुढे २०१९ मध्ये ते घर भुतांचा शोध घेणाऱ्या दुसऱ्याच एका जोडप्याने ४ लाख ३९ हजार डॉलरला विकत घेतलं आणि तीनच वर्षांनी ते सुमारे १५ लाख डॉलरला विकलं गेलं. झपाटलेलं म्हणून घराची किंमत तिपटीहून जास्त झाली. (हे तिच्या बाबांना सांगा, त्यांना आवडेल.)

आता बाथशिबा. तुमच्या लेकीने कपाट बांधलंय ते तिच्यासाठी. कपाटाच्या माथ्यावर बसलेली आणि तिथून मुलीच्या अंगावर झेप घेणारी ती बाई. सिनेमा सांगतो की तिने पोटचं तान्हं बाळ सैतानाला वाहिलं आणि पहाटे तीन वाजून सात मिनिटांनी अंगणातल्या झाडाला गळफास घेतला.

बाथशिबा शर्मन नावाची बाई खरंच होऊन गेली. जन्म १८१२, मृत्यू १८८५. म्हणजे ते घर बांधलं गेलं त्यानंतर पाऊणशे वर्षांनी ती जन्मली. ती राहायची आसपासच्या दुसऱ्या शेतावर, या घरात नाही. सत्तरी उलटल्यावर म्हातारपणी वारली, फास लावून नाही. तिच्याकडे असताना एक बाळ दगावलं आणि गावाने तिच्याकडे बोट दाखवलं, अशी एक दंतकथा त्या भागात सांगतात. पण तिला कुठल्या खुनाबद्दल शिक्षा झाल्याची नोंद नाही. तिने सैतानाला काही वाहिल्याचा पुरावा तर कुठेच नाही. हॅरिसव्हिलच्या दफनभूमीत ती पुरलेली आहे. सिनेमाच्या प्रसिद्धीनंतर लोकांनी तिथे जाऊन तिच्या थडग्याच्या दगडाची मोडतोड केली.

एक शेतकरीण. संसार केला, म्हातारी झाली, वारली. सव्वाशे वर्षांनी कुणीतरी तिला जगभरातल्या पडद्यांवर बालहत्या करणारी चेटकीण म्हणून उभं केलं, आणि तिला तर 'ते मी नव्हे' म्हणायचीही सोय नाही. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणात अन्याय झाला असेल तर तो हिच्यावर. तुमच्या लेकीलाही असंच वाटेल, असा माझा अंदाज आहे. बारा वर्षांच्या मुलींना अन्यायाची चीड फार लवकर येते. ज्या बाईची कीव वाटायला लागते, तिच्यासाठी कपाट बांधून ठेवणं अवघड जातं.

याच धाग्याला धरून आणखी एक गोष्ट तिला सांगा, ती मला फार आवडते. सिनेमात एक वाक्य येतं की बाथशिबा ही सेलममधल्या मेरी ईस्टी हिच्या नात्यातली. सेलम हे मॅसेच्युसेट्समधलं गाव. १६९२ मध्ये तिथे चेटूक केल्याच्या आरोपावरून खटले चालले आणि एकोणीस जणांना फाशी झाली. मेरी ईस्टी त्यातलीच एक, २२ सप्टेंबरला फासावर गेली. त्याआधी तिने न्यायाधीशांना अर्ज लिहिला. स्वतःचा जीव वाचवा म्हणून नव्हे. आता आणखी निरपराध माणसांचं रक्त सांडू नका, म्हणून. पुढे त्या खटल्यांत दोषी ठरलेल्यांची नावं टप्प्याटप्प्याने निर्दोष म्हणून जाहीर झाली. एकच राहून गेली होती, एलिझाबेथ जॉन्सन नावाची. तिला फाशी झाली नाही, पण गुन्हेगार हा शिक्का कागदावर तसाच राहिला, तीनशेहून जास्त वर्षं. तो पुसायचं काम कुणी हाती घेतलं? नॉर्थ अँडोव्हर गावच्या आठवीच्या वर्गाने. शाळेतल्या मुलांनी कागद धुंडाळले, लोकप्रतिनिधींना पत्रं लिहिली आणि २०२२ मध्ये तिथल्या विधिमंडळाने तिला निर्दोष ठरवलं. तुमच्या लेकीहून एखाद-दोन वर्षांनी मोठी मुलं! चेटकिणीला घाबरून पांघरुणात शिरायचं की तिचं वकीलपत्र घ्यायचं, हे दोन्ही रस्ते तिच्यापुढे ठेवा. मी होते तिच्या वयाची तर दुसरा घेतला असता. अर्थात त्या वयात मी दाराच्या खुंटीवर टांगलेल्या रेनकोटला घाबरायचे, त्यामुळे माझं फारसं मनावर घेऊ नका.

आता कपाटाच्या माथ्यावर नेमकं कोण बसलं होतं, ते. हे मी मुद्दाम इतका वेळ राखून ठेवलं. बाथशिबाची भूमिका करणारा कलाकार पुरुष आहे. त्याचं नाव जोसेफ बिशारा. आणि त्याचा मूळ व्यवसाय संगीतकाराचा. याच सिनेमाचं संगीत त्याचं आहे. म्हणजे जो माणूस आधी सूर लावून तुम्हाला घाबरवतो, तोच मग तोंडाला रंग फासून, विग घालून कपाटावर चढून बसतो. त्याला तिथे चढवायला, नीट बस रे पडशील, म्हणायला खाली चार माणसं उभी असणार. लेकीला हे चित्र डोळ्यांपुढे आणायला सांगा. कपाटावर उकिडवा बसलेला एक संगीतकार, दोन दृश्यांच्या मध्ये पाठ खाजवतोय.

आणि ते घर? ऱ्होड आयलंडमधलं नाहीच. चित्रीकरण झालं तिथून शेकडो किलोमीटर दक्षिणेला, नॉर्थ कॅरोलिनातल्या विल्मिंग्टनमध्ये. आतल्या खोल्या स्टुडिओत उभारलेल्या. खरी लोरेन वॉरन मात्र सिनेमात आहे, वॉरन जोडप्याच्या व्याख्यानाच्या दृश्यात श्रोत्यांमध्ये एक म्हातारी बसलीय, ती. आणि ती अ‍ॅनाबेल बाहुली, जिचा पांढरा फटक चेहरा पाहून अंगावर काटा येतो, तीही सिनेमासाठी बनवलेली. वॉरन दांपत्याच्या संग्रहातली मूळ बाहुली म्हणजे लाल लोकरीच्या केसांची, कापडी, त्रिकोणी नाकाची रॅगेडी अ‍ॅन. अमेरिकेतल्या कित्येक मुलींकडे असायची तशी. दोघींची चित्रं शेजारी शेजारी ठेवून दाखवा.

तुम्ही विचाराल, एवढी सगळी सोंगं, मग मी बाई पन्नाशीला टेकलेली, मला का भीती वाटली? कारण तो सिनेमा उत्तम बनवलाय. हे मी मनापासून म्हणतेय. दिग्दर्शक जेम्स वानला एक गोष्ट पक्की कळते, ती म्हणजे काय दाखवायचं नाही. ते दाराचं दृश्य आठवा. पाच मुलींपैकी क्रिस्टीनला झोपेत कुणीतरी पाय ओढल्यासारखं वाटतं. ती उठून पलंगाखाली वाकून बघते. मग तिची नजर खोलीच्या दारामागच्या कोपऱ्यावर जाते आणि ती गोठते. तिथे कुणीतरी उभं आहे, ती बहिणीला सांगते. बहीण उठून त्या कोपऱ्यात जाऊन उभी राहते, इथे कुणी नाही म्हणते. क्रिस्टीन रडत म्हणते, ते तुझ्या अगदी मागे उभं आहे. आपण त्या काळ्या कोपऱ्यात डोळे फाडून बघत राहतो. दिग्दर्शक काहीच दाखवत नाही. तिथे जे काही उभं असतं ते आपणच उभं करतो, आपापल्या मापाचं. म्हणून ते सिनेमा संपल्यावर आपल्याबरोबर घरी येतं.

अमेरिकेतल्या प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाने या सिनेमाला 'आर' दर्जा दिला. म्हणजे सतरा वर्षांखालच्यांनी मोठ्या माणसाबरोबरच पाहायचा. गंमत अशी की त्यात शिवीगाळ नावापुरती, नग्नता नाही, रक्तही बेताचं. निर्मात्यांना त्याहून सौम्य दर्जा मिळेल असं वाटत होतं. त्यांनी विचारलं, काय काढून टाकू? उत्तर आलं, काढण्यासारखं एक असं दृश्य नाही, सगळा सिनेमाच तेवढा भीतिदायक आहे. तेव्हा पन्नाशीतल्या बाईने दिवा लावून बाथरूमला जाण्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि बारा वर्षांच्या मुलीने तर मुळीच नाही. ही हकिकत तिलाही सांगा. 'मी भित्री आहे' असं तिच्या मनात बसलं असेल, तर ते या एका हकिकतीने बरंचसं उतरेल.

इथे एक धोक्याची सूचना. हे सगळं वाचून कुणीतरी घरात म्हणेल, 'चला, सगळे मिळून पुन्हा बघू, म्हणजे भीती मोडेल.' नको. पोहायला शिकवायचं म्हणून पोराला विहिरीत ढकलून देण्यातला प्रकार आहे हा. तिने आपणहून 'मला तो सीन परत बघायचाय' म्हटलं, तरच. आणि तेव्हाही भर दिवसा, रिमोट तिच्या हातात आणि आवाज पूर्ण बंद. आवाज बंद करून बघितला की या प्रकारच्या सिनेमाचा निम्मा जीव जातो. दचकवण्याची युक्ती मुख्यतः कानांवर चालते. आधी सगळं शांत करायचं, आपण कान टवकारले की अचानक दणका द्यायचा. त्या वेळी आपल्या मेंदूला विचार करायला वेळच मिळत नाही, अंग आधी उडतं, मन मागाहून पोहोचतं. मुक्या सिनेमात एक बाई तोंड उघडून उडी मारताना दिसते, बस्स. दुसऱ्यांदा पाहताना बहुतेक मुलं हसतात.

रात्रींचं आता. तिच्या खोलीतलं घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवा, किंवा उचलूनच न्या. रात्रीच्या उत्तरार्धात झोप सगळ्यांचीच हलकी असते, दोन-तीनदा जाग येणं हा रोजचाच प्रकार, एरवी आपण कुस बदलतो आणि विसरतो. ती घड्याळ बघते म्हणून तिला लक्षात राहतं. दोन चाळीसला जाग आली तर ती मोजत नाही, तीन दहाला आली तर 'थोडक्यात चुकलं' म्हणून छातीत धस्स होतं. आकडाच दिसला नाही की हा हिशेब बंद.

तुमच्यामध्ये झोपण्याबद्दल: एकदम 'आजपासून तुझ्या खोलीत' असं करू नका, पण वर्षभर हे चालू ठेवणंही बरं नाही. आधी तुमच्याच खोलीत वेगळी गादी. मग तिच्या खोलीत ती पलंगावर आणि तुम्ही खाली, आठवडाभर. मग तुम्ही ती झोपेपर्यंतच. प्रत्येक टप्पा कधी बदलायचा ते तिला ठरवू द्या, फक्त टप्पे आहेत हे पहिल्या दिवशीच सांगा. मंद दिवा हवा असेल तर असू दे. पाय पांघरुणात तर पांघरुणात. त्यावरून वाद घालू नका.

तुमच्या स्वतःच्या भीतीबद्दल थोडं. तुम्ही लिहिलं नाही, पण मला वाटतं तुमच्या मनात हेही असेल की एवढं अख्खं कुटुंब खोटं कशाला बोलेल? खोटंच बोलायला हवं असं नाही. माणसांना अनुभव प्रामाणिकपणे येतात, त्यांचं कारण मात्र वेगळं निघू शकतं. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांच्या एका नियतकालिकात विल्यम विल्मर या डॉक्टरांनी अशाच एका कुटुंबाची हकिकत छापली. मोठ्या जुन्या घरात राहायला गेले आणि रिकाम्या खोल्यांतून पावलं वाजायला लागली, कुणीतरी मागे उभं आहे असं वाटायला लागलं. मुलं फिक्कट पडली, डोकी दुखायला लागली, कुंडीतली झाडंही मान टाकायला लागली. शेवटी दोष निघाला घर गरम ठेवणाऱ्या भट्टीत. ती बिघडलेली होती आणि तिचा विषारी वायू घरात पसरत होता. भट्टी दुरुस्त झाली आणि भुतं निघून गेली. हॅरिसव्हिलच्या घरात असंच झालं, असं मी म्हणत नाही. एवढंच की 'त्यांना जाणवलं' आणि 'तिथे होतं' या दोन वाक्यांमध्ये बरीच जागा आहे. झोपेतून अर्धवट जाग येते, अंग हलत नाही, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं, हा अनुभवही जगभर माणसांना येतो. मेंदू जागा होतो, पण स्वप्नाच्या झोपेत सैल सोडलेले स्नायू अजून ताब्यात आलेले नसतात, एवढीच ती फट.

जावेशी बोलायचं का? बोला, पण 'तुमच्या मुलाने माझ्या मुलीची वाट लावली' असं नको. सोळा वर्षांच्या मुलाने धाकट्या बहिणीसमोर शूरपणा दाखवायला भुताचा सिनेमा लावला, यात दुष्टपणा काही नाही. मोठी माणसं शेजारच्या खोलीत होती आणि आत काय लावलंय ते कुणी डोकावून बघितलं नाही, एवढं जावेला शांतपणे म्हणता येईल. खरं काम पुतण्याकडे आहे. त्याला तुमच्याकडे एक दिवस बोलवा आणि एकट्यात सांगा, तिला फक्त एक गोष्ट सांग, तुझी कुठे फाटली ते. फाटली असणारच. दादानेही त्या रात्री मोबाइलचा दिवा चालू ठेवला होता, हे दादाच्या तोंडून ऐकणं तिला माझ्या आणि तुमच्या शंभर वाक्यांपेक्षा जास्त उपयोगी पडेल. पुढचा सिनेमा त्या दोघांनी आधी तुम्हाला विचारून लावावा, हेही त्याच्यासमोरच ठरवा.

एवढं करून आणखी तीन-चार आठवड्यांत काहीच फरक पडला नाही, किंवा ती दिवसाही एकटी राहायला भ्यायला लागली, शाळेत लक्ष लागेना, जेवण कमी झालं, पोट किंवा डोकं सारखं दुखायला लागलं, तर मुलांच्या समुपदेशकाकडे जा. 'सिनेमा बघून घाबरली, एवढ्यासाठी काय डॉक्टर' असं मनात आणू नका. त्यांच्याकडे अशी मुलं नेहमी येतात.

कपाटाची ओढणी मात्र तुम्ही सोडू नका. तिची तिला सोडू दे. आणि तुमच्या उशाशी जे घड्याळ आहे ना, तेही फिरवून ठेवा.